खुशालभाऊचा थंडा बल्ब

माधवीने दुकानदाराला एकच शब्द सांगितला होता, आणि तो बरोबर सांगितला होता. पुढे जे झालं त्यात तिची चूक काढायचीच तर एवढी, की तो शब्द तिने चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात उच्चारला.

"वॉर्म पाहिजेत," पोंभुर्ण्याच्या एसटीडी बूथमधून ती ओरडून म्हणाली. "चार सीएफएल. वॉर्म."

"वॉरंटी ना? हाय ना बाई," बल्लारपूरहून गुणवंतराव तितक्याच मोठ्याने म्हणाले. "आपल्याइथल्या सगळ्याच मालाले वॉरंटी हाय. एक साल."

"वॉरंटी नाही हो. वॉर्म. गरम!"

पलीकडे गुणवंतरावांनी पंखा वाढवल्याचा आवाज आला.

"गरम?"

"हाताला गरम नाही. उजेड गरम. पिवळसर असतो बघा. खोक्यावर लिहिलेलं असतं. दुसरा कूल असतो, थंडा, पांढराफटक. तो नको. मला गरमच पाहिजे."

"बाई, आज सत्तेचाळीस चढलं हाय," गुणवंतराव काळजीच्या सुरात म्हणाले. "घरी सगळे बरे हायेत ना?"

या प्रश्नाला थोडक्यात देता येईल असं उत्तर माधवीकडे नव्हतं. "पाठवा लवकर," म्हणून तिने फोन ठेवला.

फेब्रुवारीत तिची आई, सीताबाई, गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घरात खुशालभाऊ एकटे उरले. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागताच माधवी माहेरी आली, तेव्हा तिला वडील सापडायलाच वेळ लागला. ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दिवा न लावता, भिंतीला टेकून बसले होते.

तसं अंधारात बसणं खुशालभाऊंना नवीन नव्हतं. तीस वर्षं ते झाडीपट्टीतल्या नाटकांचे लाईटवाले होते. दिवाळी झाली, धान निघालं, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की आपली पेटी आणि रंगीत काचा घेऊन ते निघत, आणि सगळा हंगाम मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून दुसऱ्यांवर उजेड टाकत. पण तेव्हाच्या अंधारात त्यांचे हात चालत असत. आता हात मांडीवर होते. विचारलं तर "हो" म्हणत, नाहीतर "नाई" म्हणत, आणि दिवसातून एकदा जेवत.

माधवीने ठरवलं होतं, दहा दिवस पाहायचं. पुढच्या रविवारी तिचा नवरा आयुष बल्लारपूरहून जीप घेऊन येणार होता. तोवर बाबा सावरले तर ठीक. नाहीतर घराला कुलूप लावून त्यांना सोबत न्यायचं. कुलूप तिने विकत आणूनसुद्धा ठेवलं होतं. ते पिशवीत तळाशी होतं आणि पिशवी उचलली की वाजायचं.

एका रविवारच्या पुरवणीत तिने वाचलं होतं की उबदार पिवळ्या उजेडात खचलेल्या मनाला बरं वाटतं. माधवी बल्लारपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. छापलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसत असे. म्हणून ते चार बल्ब.

ते दुसऱ्या दिवशी बिरजूच्या जीपमधून आले. बिरजू बल्लारपूर-पोंभुर्णा सवाऱ्या नेई, आणि सवाऱ्यांसोबत बातम्याही.

"हे घ्या, बाई. थंडे," खोका हातात देत तो म्हणाला.

"थंडे? मी गरम सांगितले होते!"

"गुणवंतरावनं सांगतलं, बाईले म्हणा, उन्हाळ्यात थंडेच लावा. गरमवाले दिवाळीनंतर बदलून देईन. माणूस चांगला हाय, बाई. दुसरा असता तं देऊन मोकळा झाला असता."

आणलेच आहेत तर एक लावून पाहावा, म्हणून संध्याकाळी तिने पुढच्या खोलीतला शंभराचा जुना बल्ब काढून तिथे नवा लावला. तो आधी मंद मिणमिणला आणि मग हळूहळू पांढरा होत गेला. खोलीतलं सगळं जरा जास्तच दिसू लागलं: बुद्धाच्या तसबिरीवरची धूळ, छताच्या पंख्याची गंजलेली पाती, आणि दाराच्या चौकटीवरचा तो तेलकट डाग, जिथे डोकं टेकवून आई नाटकावरून परतणाऱ्या बाबांची वाट पाहत बसायची.

खुशालभाऊ स्वयंपाकघरातून बाहेर आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर पाहिलं.

"कोन मेलं?" ते म्हणाले.

खुशालभाऊंना आपण काय बोललो ते उशिरा कळलं असावं.

"तसं नाई," ते हळूच म्हणाले. "नाटकात असा पांढरा मी शेवटच्या अंकात टाको. हिरो मेल्यावर. लोक रडाले लागत."

तीन महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं. पण माधवीचं तिकडे लक्ष नव्हतं. उद्या सकाळी पहिल्या फेरीलाच बल्ब परत पाठवायचे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सकाळी तिने पाहिलं तर बिरजूची जीप पहाटेच गेली होती. जाण्यापूर्वी मात्र त्याने स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगून ठेवलं होतं की खुशालभाऊच्या घरी बल्लारपूरचे थंडे बल्ब आले आहेत, हात लावला तर बर्फ.

दुपारी बारा वाजता दारं-खिडक्या लोटून माधवी बसली होती. आतल्या अंधारामुळे बल्ब लावलेला होता. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि शेजारच्या प्रेमिलाकाकीने मान आत घातली.

प्रेमिलाकाकी आणि सीताबाई यांची पंचवीस वर्षं एकमेकींच्या चुलीपर्यंत ये-जा होती. पण पुण्यानुमोदन झाल्यापासून काकीने उंबरा ओलांडला नव्हता. कुंपणावरून भाजीची वाटी द्यायची आणि पाठ फिरवून जायची. दुःखाच्या घरात काय बोलावं हे तिला समजत नसे. एरवी बोलायला तिची कधी अडचण झाली नव्हती. सगळ्या गल्लीचं तसंच होतं. लोक घरासमोरून जाताना सायकलची घंटीसुद्धा वाजवत नसत.

"थंडे बल्ब आनले म्हणे," काकी म्हणाली. "म्हटलं, पाहून तं येऊ."

"अवं काकी, तसं काही नसते. थंडा म्हंजे रंग—"

पण काकी बल्बखाली चटईवर बसलीसुद्धा होती. तिने डोळे मिटले, पदराने गळा पुसला आणि अंगात आल्यासारखी मान हलवली.

"लागते, बाई. थंड लागते."

यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. शंभराचा बल्ब म्हणजे डोक्यावर लटकवलेला निखाराच. तो गेला, एवढा फरक पडलाच होता. माधवी ते समजावून सांगणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात खुशालभाऊ दिसले. त्यांनी काकीकडे पाहिलं, वर बल्बकडे पाहिलं, पुन्हा काकीकडे पाहिलं.

"थोडा टाइम लागते त्याले," ते गंभीरपणे म्हणाले. "बसा."

आणि ते आतल्या खोलीत गेले. ही खोली पुढच्या खोलीला लागूनच होती. तिथे त्यांची नाटकाची पेटी होती आणि तिच्याशेजारी आईची साड्यांची ट्रंक. माधवी आल्यापासून त्या खोलीत गेली नव्हती. काही ना काही काम निघे आणि राहून जाई. थोड्या वेळाने आतून हातोडीचा आवाज आला.

"बाबा, काय करून राह्यले?"

"पेटीचं कडं निसटलं," आतून उत्तर आलं.

संध्याकाळी त्यांनी त्या खोलीच्या दाराला एक पडदा लावला. नाटकातला जुना, रंगवलेला, त्यावर घनदाट जंगल आणि मध्ये पायवाट. "लोक येऊन राह्यले," ते म्हणाले. "आतला पसारा काऊन दाखवाचा?"

दुसऱ्या दिवशी काकी तिघींना घेऊन आली. आणि त्या दिवशी खोली खरोखर गार झाली. उगीच वाटण्यासारखी नाही, चांगली गार.

"पायापासून चढते, पाहा," काकी बाकीच्यांना दाखवून देत होती, जणू बल्ब तिच्या माहेरहून आला होता. "आदी तळवे, मंग पिंडऱ्या."

छताचा पंखा खडखडत होता, पडद्यावरची झाडं हळूच हलत होती, आणि चौघी बायका बल्बखाली पाय पसरून बसल्या होत्या. माधवीने बल्बजवळ हात नेऊन पाहिला. बल्ब कोमट होता. पण तिचे तळवे गार पडले होते, आणि ही गोष्ट कुणाला सांगण्याजोगी नव्हती.

बुधवारी चौदा माणसं आली. जागा पुरेना म्हणून घरातली बाज बाहेर काढावी लागली. मग नियम झाले. बल्बखाली बिडी ओढायची नाही. बल्बाच्या अगदी खाली म्हाताऱ्यांनी बसायचं. चपला बाहेर. हे सगळे नियम खुशालभाऊंनी केले, आणि ते करताना त्यांचा आवाज तीस वर्षांपूर्वी मांडव ठोकणाऱ्यांवर ओरडायचा तसा निघाला.

गुरुवारी तलावावर मासेमारी करणारा घनश्याम टोपली घेऊन आला आणि त्याने ती बरोबर बल्बखाली ठेवली.

"हे काय, घनश्यामभाऊ?" माधवीने विचारलं.

"वाघूर मच्छी हाय. बजार होयेपर्यंत ताजी रायते काय, ते पाहून राह्यलो."

दोन वाजेपर्यंत मासळीने आपलं मत नाकांना कळवलं. बायका पदर लावून भिंतीला चिकटल्या. म्हाताऱ्यांनी बल्बाखालची मानाची जागा आपण होऊन सोडली.

"खुशालभाऊ, तुया बल्ब काई कामाचा नाई," घनश्याम टोपली उचलत म्हणाला.

"बल्ब माणसायचा हाय," खुशालभाऊ शांतपणे म्हणाले. "मच्छीचा येगळा येते."

सगळे हसले. माधवीने चमकून पाहिलं. खुशालभाऊसुद्धा हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

दुपारी तीन ते पाच भारनियमन असे. वीज गेली की सगळे एका सुरात "गेली थंडी!" म्हणत आणि घाम पुसत तिथेच बसून राहत. हे तर माधवीला मुळीच कळेना. बल्ब बंद, पंखा बंद, खोली तापलेली. उठून आपापल्या झाडाखाली जायला काय हरकत होती? पण कुणी उठत नसे. आणि वीज येईपर्यंत वेळ काढायला म्हणून खुशालभाऊ नाटकाच्या गोष्टी सांगू लागले.

"एका मंडईत काय झालं," ते सांगत होते, "हिरो मेला. मी पांढरा टाकाचा, तं हात चुकला आन गुलाबी पडला. गुलाबी म्हंजे गाण्याचा उजेड. मेलेल्या हिरोनं एक डोया उघडून पायलं, त्याले वाटलं गाणं सुरू झालं, आपूनच लेट झालो. उठला ना बापा, आन नाचाले लागला!"

"मंग?"

"मंग काय! हिरोनीनं त्याच्यावर पडून रडाचं, तं थे बी नाचली. पब्लिकनं वन्समोर देल्ला. तीनदा मेला थो त्या दिवशी."

काकी हसता हसता माधवीच्या खांद्यावर कोसळली. माधवीही हसली, आणि हसता हसता तिची नजर चौकटीवरच्या डागावर गेली. ही गोष्ट आईला पाठ होती. बाबा सांगत आणि "तीनदा मेला" हे शेवटचं वाक्य नेहमी आई म्हणायची.

त्या दिवशी खुशालभाऊंनी रात्रीचं जेवण मागून घेतलं. "वांग्याची भाजी हाय काय?" एवढंच विचारलं. माधवीने चार वांगी जास्त चिरली.

पण ती बी.एस्सी. होती आणि ही गोष्ट तिला स्वस्थ बसू देईना. लोकांचं ठीक होतं. उद्या बल्ब पाहून कुणी घरातली लेकरंबाळं तापात इथे आणून निजवली तर? अंधश्रद्धा आपल्याच माहेरच्या छताला लटकत असलेली पाहणं तिला परवडणारं नव्हतं. तिने आयुषला फोन करून शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागवला. बिरजूने तो आणला, आणि अर्थातच बातमी पुढे पाठवली.

शुक्रवारी दुपारी खोलीत बावीस माणसं होती. माधवीने भिंतीवर थर्मामीटर टांगला आणि वर्गात उभी राहावी तशी उभी राहिली.

"आता आपन प्रयोग करू," ती म्हणाली. "बल्ब चालू हाय. पारा किती? चौतीस. आता मी बल्ब बंद करतो, पंखा तसाच ठेवतो. अर्धा तास थांबू. पारा तेवढाच रायला, तर समजाचं की बल्बानं काई होत नाई. मान्य?"

"मान्य," सगळे म्हणाले. खुशालभाऊ सगळ्यात मोठ्याने म्हणाले.

तिने बटन बंद केलं. दार जरा उघडं ठेवून त्या फटीतल्या उजेडात सगळे बसून राहिले. अर्ध्या तासाने पारा अडतीसवर होता.

माधवीने थर्मामीटर झटकला, काढला, पुसला, परत टांगला. बटन चालू केलं. अर्ध्या तासात पारा चौतीसवर आला. पुन्हा बंद केलं. पुन्हा सदतीस, अडतीस. पुन्हा चालू. पारा इमानदारीने खाली उतरला.

परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे सगळे माधवीकडे पाहू लागले.

"बाई," घनश्यामने आदराने विचारलं, "तुमी किती शिकल्या?"

"बी.एस्सी. बी.एड."

"मंग आता?"

वीस वर्षांची माधवीची आणि विज्ञानाची ओळख, आणि त्याने भर दुपारी चार लोकांत असं करावं! त्या संध्याकाळी तिने वहीत 'संभाव्य कारणे' असं लिहून खाली एक आकडा घातला. एक. त्यापुढे ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग बूथवर जाऊन तिने गुणवंतरावांना फोन केला आणि निक्षून सांगितलं, की रविवारी आयुषसोबत गरम म्हणजे गरमच बल्ब आले पाहिजेत. हा बल्ब घरात नको. उरलेले तीन तर खोक्यातच होते, त्यांना हात लावायची तिची हिंमत नव्हती.

रविवारी सकाळी बिरजूची जीप दारात थांबली. आयुष उतरला, त्याच्या हातात खोका होता आणि खोक्यावर गुणवंतरावांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'गरम. बाईंच्या मर्जीने. तब्येतीस दुकान जबाबदार नाही.'

पाच मिनिटांत अंगण भरलं.

"भाऊले घेऊन चालले म्हणे?" काकीने विचारलं.

"हो काकी," माधवी म्हणाली. "इथं एकटे कसे राह्यतीन?"

"आन बल्ब?"

"तोही परत जाऊन राह्यला."

गर्दीत कुजबुज झाली. घनश्याम पुढे आला. "बाई, असं करा. बल्ब ठेवा. आन बल्ब पाहाले कोनी पायजे, म्हून भाऊलेबी ठेवा."

"घनश्यामभाऊ, बल्ब पाहाले कोनी लागत नाई."

"लागते ना. मशीनले ऑपरेटर लागतेच."

खुशालभाऊ बाजेवर बसून आपल्या नखांकडे पाहत होते. 'येतो' म्हणत नव्हते, 'नाई' म्हणत नव्हते. माधवीला ते नेहमीचं गप्प बसणं दिसलं आणि तिचा निश्चय पक्का झाला. "मी सामान भरतो," ती आयुषला म्हणाली.

सामान भरायचं म्हणजे आतल्या खोलीत जायचं. पडद्यावरच्या पायवाटेपाशी ती क्षणभर थांबली. मग जंगल बाजूला सारून आत गेली.

आधी तिला गारवा लागला. मागच्या खिडकीत ओलं लुगडं ताणून बांधलं होतं. खाली बादली. लुगड्यासमोर नाटकातला जुना टेबलपंखा, हिरोइनचे केस उडवायचा, पडद्याच्या खालच्या फटीकडे तोंड करून ठेवलेला. पंख्याची वायर भिंतीला खिळे मारून नीट नेलेली होती, आणि ती थेट पुढच्या खोलीतल्या बल्बाच्या बटनात शिरली होती. बल्ब लागला की पंखा लागणार. बल्ब गेला की पंखा जाणार. पुढचा पंखा इतका खडखडत होता की याचा आवाज कुणाला यायचा नाही.

माधवी खाली ट्रंकेवर बसली. लुगडं आईचं होतं, चौकडीचं, घरात नेसायचं. त्याच्या काठावरून एकेक थेंब बादलीत पडत होता.

"पैले तरट लावलं होतं," मागून आवाज आला. खुशालभाऊ पडदा धरून उभे होते. "त्याचा वास येत होता. म्हून हे काढलं. तुयी माय बोलली नसती."

"बाबा, हे काऊन केलं तुमी?"

"प्रेमिला आली ना त्या दिवशी. तीन महिन्यानं." त्यांनी आवाज खाली आणला. "लोकायले यावं वाटते, पोरी. पन मेलेल्याच्या घरी कोनतं काम सांगून यावं? त्यायले कारण पायजे होतं. बल्ब हाय तं हाय, म्हटलं."

"मले तरी सांगाचं! मी थर्मामीटर आनला. सगळ्यायसमोर..."

"तुया प्रयोग बरोबर होता," खुशालभाऊ मनापासून म्हणाले. "पन पडद्यामांगं पाहा लागते ना. आन लाईटवाला कवा दिसला नाई पायजे. दिसला का नाटक गेलं." मग पडदा नीट करत, "कोनाले सांगू नको. बिचाऱ्यायचा इश्वास हाय."

माधवीने लुगड्याचा काठ नीट केला. एका टोकाला गाठ सैल झाली होती, ती आवळली.

"बाबा, बल्लारपूरले येता ना?" तिने विचारलं. तिला हे विचारताना पहिल्यांदाच उत्तराची भीती वाटली नाही.

"येईन ना. पावसाळ्यात येईन," खुशालभाऊ म्हणाले. "आता मी आलो तं इथी पानी कोन मारन? तसं पान्याची काई चिंता नाई. यंदा मांगचा रांजण आटतच नाई. रोज पाहतो तं भरलेला. नशीब हाय."

डोळे पुसायला माधवी मागच्या दाराने बाहेर आली, आणि थबकली. प्रेमिलाकाकी दोन्ही हातांत दोन घागरी घेऊन कुंपणाच्या फटीतून आडवी होऊन आत येत होती. माधवीला पाहून तिने आधी घागरी लपवायचा प्रयत्न केला. त्या लपण्याजोग्या नव्हत्या.

"अवं, ते... झाडाले," ती म्हणाली.

मागच्या अंगणात झाड नव्हतं. रांजण होता, आणि त्याच्यावर ती खिडकी.

"काकी," माधवीने हळू आवाजात विचारलं, "तुले माहीत हाय?"

काकीने घागरी रांजणात रित्या केल्या, कमरेवर हात ठेवला. "मले काय, साऱ्यायलेच माहीत हाय. दुसऱ्याच दिवशी. अवं, बल्ब कवा थंडा रायते का? आमी अडाणी असन, पन येवढे नाई."

"मंग येत काऊन होते?"

"भाऊ 'बसा' म्हणला ना." काकीचा आवाज जरा ओला झाला. "तुयी माय गेल्यापासून किती डाव फाटकापर्यंत आलो आन वापस गेलो. काय बोलाचं, कसं बसाचं? बल्बानं सोपं केलं. घनश्यामनं तं मुद्दाम मच्छी आनली, का आमचं मानणं भाऊले खोटं वाटू नये. चांगली वाघूर नासवली त्यानं." तिने इकडेतिकडे पाहिलं. "भाऊले सांगू नको हा. बिचाऱ्याचा इश्वास हाय, का आमचा इश्वास हाय."

माधवीने रित्या घागरी उचलून काकीच्या हातात दिल्या. सगळ्या गावात फसलेलं माणूस एकच होतं, आणि थर्मामीटर त्याच्याच हातात होता.

जीप रिकामीच परतली. म्हणजे माधवी आणि आयुष होते, पण सामान नव्हतं. गुणवंतरावांच्या गरम बल्बांपैकी एक तिने स्वयंपाकघरात लावला, त्या कोपऱ्यावर, जिथे बाबा अंधारात बसायचे. बाकीचे तीन दुकानात परत करायला सोबत घेतले. थंडे चारही राहिले. पिशवीतलं कुलूप तिने निघताना काकीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला देऊन टाकलं.

डिसेंबरात तिच्या शेजारच्यांकडे फोन आला.

"माधवी, इथी लय थंडी पडली," खुशालभाऊ ओरडत होते. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "सैपाकघरातला पिवळा पुढं लावला. लोक म्हणून राह्यले, बरं गरम लागते. पन एकानं भागत नाई. ते गुणवंतरावचे तीन पाठव. आन..." इथे त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मांगं काई ठेवा लागन ना. कोयशाची सिगडी ठेवू, तं धूर दिसन. तुया सायन्समधी काई हाय काय?"

माधवी त्याच संध्याकाळी दुकानात गेली.

"तीन सीएफएल. गरम."

गुणवंतरावांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मग प्रसन्न मुद्रेने तिच्याकडे. "आता कसं टाइमावर मागतले! मी मे महिन्यातच म्हणलो होतो ना, बाई?"

"म्हणाला होतात. आणि एक विजेची शेगडी द्या. वायर लांब पाहिजे, भिंतीवरून बटनापर्यंत जाईल अशी. बटन पंधरा अँपिअरचं. बल्बाच्या बटनाला शेगडी झेपणार नाही."

गुणवंतरावांचा हात खोक्यावर तसाच राहिला.

"बाई, बल्बाच्या बटनावर शेगडी कोन लावते?"

"लाईटवाले," माधवी म्हणाली. "वॉरंटी आहे ना?"